दशमीचं पान

सुताराच्या ओसरीवर बाळकाका पितरांच्या पाटावर बसले होते आणि पुढ्यात तिसऱ्यांदा खीर आली होती.

त्यांनी पानावर आडवा हात धरला. जेवताना बोलायचं नाही हा नियम असल्यामुळे नको म्हणायला एवढा एक हातच असतो. सुताराच्या बायकोने तो हात पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि बाजूने पळी वळवून वाटीत खीर ओतलीच.

"मामंजींना फार आवडायची," ती म्हणाली. "चार-चार वाट्या घ्यायचे. अनमान करू नका."

मामंजी म्हणजे सुताराचे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. आज पितृपक्षातली सप्तमी, त्यांची तिथी, आणि आजच्या दिवसापुरते बाळकाकाच मामंजी होते. बाळकाकांचं कामच ते. घरात दोन पाट मांडायचे, एक देवांचा आणि एक पितरांचा. दोन्हींवर जिवंत माणूस बसवायचा, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पान वाढायचं. तो जेवला की गेलेलं माणूस जेवलं. शेवटी यजमान हात जोडून विचारतो, तृप्त झालात का, आणि जेवणाऱ्याने झालो म्हणायचं. बाळकाका हे 'झालो' एकविसाव्या वर्षापासून म्हणत आले होते आणि आता त्यांना त्रेसष्टावं लागलं होतं. कुणाला खीर आवडायची, कुणाला भजी, कुणाला नुसत्या तुपाचं बोट चाटायची हौस. सगळ्यांचे लाड ह्या एका पोटाने पुरवायचे.

पोटाची आता तयारी नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, गोड बंद, भात मूठभर. बाळकाकांनी मान हलवली होती. खीर बंद केली तर भाद्रपदात खायचं काय आणि उरलेले अकरा महिने घरात शिजवायचं काय, हे डॉक्टरला कुठून कळणार?

शेजारी देवांच्या पाटावर लंबूअण्णा जेवत होता. गावातल्या प्रत्येक दारातून वाकून जाणारा तो एकटाच, म्हणून लंबू. बाळकाकांपेक्षा आठ वर्षांनी लहान. एके काळी ह्या पंचक्रोशीत पाटावर बसणारी सात माणसं होती. काही गेली, काहींची मुलं शहरात घेऊन गेली, आणि उरले हे दोघे. त्यामुळे जिथे एक तिथे दुसरा. रोज मांडीला मांडी लावून जेवायचं आणि एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही, असं वर्षभर चाललं होतं.

कारण मागच्या वर्षीचं. मास्तरीणबाईंकडे बाळकाकांच्या पानात अर्धी वाटी खीर राहिली. घशाखाली उतरेचना. बाई तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण हे उपाशी उठले, हे उपाशी उठले, म्हणत संध्याकाळपर्यंत रडत बसल्या. बाळकाका पान टाकतात, अशी बोंब झाली. पुढची तीन घरं फिरली. आणि सुताराकडूनच त्यांना कळलं की लंबूअण्णा घरोघर सांगत सुटला होता, काकांना साखरेचा त्रास आहे, त्यांना पितरांकडे बसवू नका, तिकडे मी बसतो. पितरांच्या पाटाचा मान मोठा, वाढणं मोठं, धोतरजोडीही त्याच पाटाला. बाळकाकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

त्यांनी वाटी उचलली आणि श्वास धरून रिकामी केली.

"तृप्त झालात का?" सुताराने विचारलं.

"झालो," बाळकाका म्हणाले आणि ओसरीच्या खांबाला धरून उठले.

परतीची वाट दोघांची एकच. ओढ्यापर्यंत शेतातली पायवाट, मग बांध, मग गाव. पाऊस पंधरा दिवस हटायला तयार नव्हता. लंबूअण्णा पुढे छत्री घेऊन, बाळकाका दहा पावलं मागे डोक्यावर पोतं घेऊन. भरल्या पोटाने चिखलातून चालणं म्हणजे दुसऱ्याचं ओझं पोटाशी बांधून नेण्यासारखं. बांधाशी लंबूअण्णा थांबायचा, बहाणा म्हणून चपलेचा चिखल काठीने काढत बसायचा, आणि बाळकाका जवळ आले की पुन्हा चालू लागायचा. तो का थांबतो, हे बाळकाकांनी मनाला विचारलं नव्हतं.

घरी काकूंनी पाणी तापवून ठेवलं होतं. बाळकाका दारातच पायरीवर बसले. काकूंनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"कालच्यापेक्षा जास्त आहे," त्या म्हणाल्या.

"चाललोय ना एवढं."

"चालण्याने सूज येत नाही. खीर किती?"

"तीन."

काकूंनी पाय खसाखसा पुसले. राग आला की त्यांचे हात जलद चालत. आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला, "बाळ आला का गं?"

"आला," काकू ओरडून म्हणाल्या. म्हातारीला शहाऐंशी पूर्ण झाली होती आणि ऐकू कमी यायचं. ती मुलाला बाळ म्हणायची, म्हणून गाव बाळकाका म्हणायचं. पाय सुजलेला, दात गेलेला असा हा बाळ होता.

"दशमीचं काय ठरवलंत?" काकूंनी विचारलं.

दशमी बाळकाकांच्या वडिलांची तिथी. वडीलही पाटावरच आयुष्य काढलेले. बारा वर्षांपूर्वी गेले, ते नेमके पितृपक्षातच. शुद्ध होती तोवर त्यांनी बाळकाकांचं मनगट धरलं होतं. "माझ्या पानावर गवत बसवू नकोस," एवढंच म्हणाले होते.

गवत म्हणजे दर्भ. पाटावर बसायला माणूस मिळत नसेल, तर दर्भाची गाठ मारून माणसासारखी जुडी करायची आणि ती पाटावर ठेवायची. शास्त्राला चालतं. बाळकाकांनी अकरा वर्षं तेच केलं होतं. दशमीला ते स्वतः कुणाच्या तरी घरी जेवत असत आणि लंबूअण्णाही त्यांच्या शेजारी असे. घरचा माणूस घरच्या पितरांच्या पाटावर बसू शकत नाही, आणि बाहेरचा एकही मोकळा नसे. मग पहाटे घाईने गवत मांडायचं, वाढायचं, पाणी सोडायचं आणि दुसऱ्याचा बाप व्हायला निघायचं. दर वर्षी गाठ मारताना मनगटावरची ती पकड त्यांना आठवायची. मी पुढच्या वर्षी बघतो, असं ते वडिलांना मनात सांगायचे. ह्या वर्षी नडगीवरचा खड्डा भरून यायला वेळ लागत होता. पुढच्या वर्षीचं वचन द्यायला त्यांची जीभ धजेना.

"ह्या वेळी मी घरी राहणार," ते म्हणाले. "आणि माणूस बसवणार."

"कोण माणूस?"

"बघू."

अष्टमीला सकाळीच गिरणीवाला मोटारसायकल घेऊन दारात आला. अंगावरचा सदरा धुतलेला होता, पण भुवयांत पीठ होतं. त्याचे वडीलही दशमीचेच.

"काका, परवा आमच्याकडे. दोन्ही पाट तुम्हा दोघांनाच. लंबूअण्णा हो म्हणालेत."

"परवा आमचंही आहे," बाळकाका म्हणाले.

"दर वर्षीच असतं की. पहाटे उरकून घ्या." गिरणीवाला मोकळ्या मनाचा माणूस होता, त्याला आपण काय बोलतो हे कळत नसे. "आणि हे बघा, वर्षभराचं दळण तुमच्याकडून काही घ्यायचं नाही. काकूंनी डबा पाठवायचा, पीठ घरी येईल."

काकूंनी आतून बाळकाकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात वर्षभराचं पीठ होतं.

"उद्या सांगतो," बाळकाका म्हणाले.

गाडी गेल्यावर काकू बाहेर आल्या. "सांगायचं काय त्यात? अकरा वर्षं गवत चाललं, बाराव्या वर्षी काय बिघडलं? मामंजी काय वरून मोजतायत?"

"त्यांनी सांगितलं होतं."

"सांगायला काय जातं जाणाऱ्याचं! मागे राहिलेल्यांनी खायचं काय?"

त्यांचं चूक नव्हतं. बाळकाका दुपारी अष्टमीच्या घरी जाऊन कुणाचे तरी आजोबा होऊन आले. येताना बांधापाशी लंबूअण्णा नेहमीसारखा थांबला होता. आज विचारावं, असं बाळकाकांच्या मनात आलं. परवा माझ्या बापाच्या पाटावर बसशील का, एवढे सहा शब्द. ज्याने धंद्यात पाय ओढला, त्याच्यापुढे तोंड वेंगाडायचं! त्यांनी घसा साफ केला.

"चिखल फार आहे," ते म्हणाले.

वर्षातलं हे पहिलं बोलणं. लंबूअण्णाने मागे वळून पाहिलं. तो थोडा वेळ काहीतरी मोठं येईल म्हणून थांबला.

"आहे," तो म्हणाला आणि चालू लागला.

नवमीला धंदा बायकांचा. नवरा मागे ठेवून गेलेल्या बायकांची ती तिथी, म्हणून पाटावर सवाष्ण लागते. काकू बसचालकाच्या घरी गेल्या. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती, पोटातलं लेकरूही तिच्याबरोबर गेलं. बाळकाका घरी म्हातारीजवळ बसून राहिले. जवळच्या शहरात कारकून असलेल्या भाच्याला त्यांनी फोन लावला. बहिणीचा मुलगा पाटावर चालतो. भाचा म्हणाला, "मामा, येतो की. त्यात काय एवढं! बारापर्यंत पोचतो." बाळकाकांच्या छातीवरचं ओझं हललं.

काकू चार वाजता आल्या. नवी बांगडी हातात होती. त्यांनी पदरसुद्धा नीट केला नाही, स्वयंपाकघरात जमिनीवर आडव्या झाल्या. बाळकाका दारात येऊन उभे राहिले.

"फार वाढलं का?"

काकूंनी मान हलवली. मग त्या छताकडे बघत बोलल्या. "त्याच्या आईने वाढलं. एकेक घास पुढे सरकवत होती. म्हणे, तुला तेव्हा पोटभर दिलं नाही गं मी. कामाला जुंपली. माझ्यावर राग नाही ना? मला बोलायची बंदी. नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग ती रडली, आणि मग आणखी वाढलं. मला जाईना हो. पण उठणार कशी?"

बाळकाका खाली बसले. बेचाळीस वर्षं ते हेच करून घरी येत होते आणि आज पहिल्यांदा घरात कुणीतरी ते सांगत होतं. त्यांना रडू आलं, पण त्यांनी ते गिळलं. गिळण्याची सवय होतीच.

"गवताला तिने असं विचारलं असतं का?" काकू म्हणाल्या. मग कुशीवर वळल्या. "गिरणीवाल्याला नाही म्हणून सांगा."

गिरणीत पट्टा फटफटत होता. गिरणीवाला जात्याच्या तोंडाशी हात धरून पिठाचा बारीकपणा बघत उभा होता. बाळकाकांनी ओरडून सांगितलं. त्याला पहिल्यांदा कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगावं लागलं, आणि दळणाला आलेल्या चार बायकांनी ते ऐकलं.

"म्हणजे माझे वडील उपाशी ठेवायचे?" तो म्हणाला.

"तसं नाही रे."

"असू दे काका. तुमच्या पाटावर गवत मांडतो. तुम्ही तेच करत होतात ना अकरा वर्षं?"

तो खोचक बोलला नव्हता, खरंच विचारत होता. बायकांपैकी एक हसली. बाळकाका पिठाने पांढरे झालेले हात झटकत बाहेर पडले. एवढं पीठ अंगावर आलं, तेवढंच ह्या गिरणीतलं फुकट, असं त्यांच्या मनात आलं.

दशमी उजाडली ती पावसातच. काकूंनी न्हाऊन सोवळ्यात चूल पेटवली. तांदूळ निवडता निवडता त्या थांबल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. बाळकाका मागोमाग.

"सासूबाई," काकू म्हातारीच्या कानाशी ओरडल्या, "मामंजींना काय आवडायचं खायला?"

बाळकाका म्हातारीच्या तोंडाकडे बघू लागले. त्यांना स्वतःला हे माहीत नव्हतं. गावातल्या चाळीस मेलेल्या माणसांच्या आवडीनिवडी त्यांना तोंडपाठ होत्या, आणि आपला बाप काय आवडीने खायचा ह्याचा पत्ता नव्हता. घरी ते जेवताना फारसे दिसलेच नव्हते.

"त्यांना?" म्हातारी म्हणाली. "त्यांना खायला नाही आवडायचं."

"असं कसं?"

"लोकांचं खाऊन यायचे ना. आले की त्या खांबाला टेकायचे. म्हणायचे, पेलाभर ताक दे, मीठ टाक, आणि घटकाभर कुणी मला घ्या म्हणू नका." म्हातारी हसली. तोंडात एकच दात होता, तो दिसला. "तेवढं ताक मात्र आवडीने प्यायचे. डोळे मिटून."

काकू परत चुलीशी आल्या. "पितरांना ताकावर बोळवायचं की काय?" त्या पुटपुटल्या आणि खिरीला दूध चढवलं. भाज्या, कोशिंबीर, वरण, भात, खीर, सगळं रीतीप्रमाणे होऊ लागलं. पण ताकाचं भांडंही त्यांनी घुसळून झाकून ठेवलं.

साडेअकराला फोन वाजला. भाचा होता.

"मामा, साहेब रजाच देत नाहीत हो. माझा नाइलाज आहे. पुढच्या वर्षी नक्की."

"बरं," बाळकाका म्हणाले. "सांभाळून राहा." त्यांनी फोन ठेवला आणि पाट मांडले. एक पूर्वेकडे तोंड करून देवांचा, एक उत्तरेकडे पितरांचा. देवांच्या पाटावर त्यांनी गवत ठेवलं. देवांनी कधी तक्रार केली नव्हती.

पितरांचा पाट रिकामा राहिला.

एक वाजला. दोन वाजले. काकू दोनदा दारात जाऊन आल्या. पावसात येणार कोण होतं? सूर्य मावळतीला टेकण्याआधी पान वाढायला हवं. घरात कुणाच्याही पोटात काही नव्हतं. बाळकाकांना घाम सुटला आणि हाताची बोटं थरथरू लागली. काकूंनी गुळाचा खडा पुढे केला. त्यांनी आधी पान म्हणून तो बाजूला ठेवला.

तीन वाजून गेल्यावर त्यांनी कोनाड्यातली दर्भाची पेंढी काढली. पायरीवर बसून काड्या सारख्या केल्या. पहिली गाठ मारली. ती सुटली. हातात जोर नव्हता. पुन्हा मारली. "मी केलं ते केलं हो," ते वडिलांना म्हणाले, मोठ्याने, "ह्याच्या पुढे माझ्या हातात नाही."

"बाळकाका."

अंगणात लंबूअण्णा उभा होता. छत्री उलटी झालेली, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. दारातून आत यायला तो वाकला आणि तसाच वाकून थांबला, जणू आत यायची परवानगी मिळायची आहे.

"पाट रिकामा असेल तर बसतो," तो म्हणाला.

बाळकाकांच्या हातात गाठ तशीच राहिली. "तू गिरणीवाल्याकडे होतास ना?"

"गेलो होतो. नाही बसलो." लंबूअण्णाने नजर खाली केली. "तुमच्या पाटावर गवत मांडलं होतं. गवताशेजारी बसायचं म्हणजे... वीस वर्षं तुम्ही असायचात. उठलो आणि आलो."

तो खोटं बोलत होता. पोटाच्या धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याचं पोट कळतं. लंबूअण्णा तोंडाने श्वास घेत होता. धोतराची गाठ त्याने सैल सोडली होती, आणि ती जेवून उठल्यावरच सोडतात. पाऊस झेलून आलेल्या उजव्या हाताच्या नखांत हळद होती. तो गिरणीवाल्याकडे पोटभर, गळ्याशी येईपर्यंत जेवला होता, आणि मग भरल्या पोटी एवढा चिखल तुडवून आला होता. पितरांचं एकदा जेवलं की त्या दिवशी दुसरा घास घ्यायचा नाही, हा त्यांच्या कामातला पहिला नियम. तो मोडला तर दोन्ही घरचे पितर उपाशी जातात असं सांगतात. बाळकाकांनी तो नियम बेचाळीस वर्षांत मोडला नव्हता. लंबूअण्णानेही नाही.

काकूंनीही ती नखं पाहिली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आता काय ते तुम्ही ठरवा, असं ते पाहणं होतं.

बाळकाकांनी गाठ सोडली आणि गवत पायरीवर ठेवलं. "पाय पुढे कर," ते म्हणाले.

त्यांनी लंबूअण्णाचे पाय धुतले. मोठे, लांब बोटांचे, टाचांना भेगा पडलेले पाय. घोट्याशी त्यांचा अंगठा जरा जोराने दाबला गेला आणि खड्डा पडला. तो तसाच राहिला. बाळकाकांनी मान वर केली.

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून," लंबूअण्णा म्हणाला. "तुमचं मला आधी कळलं होतं. पितरांकडे आग्रह फार असतो, देवांकडे कुणी बघत नाही. म्हणून घरोघर बोललो. तुम्हाला सांगायला हवं होतं. मी तसा बोलण्यात कच्चा आहे."

बाळकाकांचा वर्षभराचा राग एवढ्याशा बोलण्यात हातातून गळून गेला आणि त्याच्या जागी लाज आली. त्यांनी पंच्याने पाय पुसले, बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या. कपाळाला गंध लावलं. तीळ, फूल, पाणी. मंत्र ते स्वतःच म्हणत होते. लंबूअण्णा पितरांच्या पाटावर बसला आणि त्याची मान भिंतीवरच्या खुंटीपर्यंत गेली. बाळकाकांचे वडील चांगलेच बुटके होते. पण पाटावर माणूस होता.

काकू वाढायला आल्या. मीठ, कोशिंबीर, भाज्या, भाताची मूद. खिरीची वाटी आली तेव्हा लंबूअण्णाने तिच्याकडे एकदा पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि हात पुढे केला. तो आता सगळं खाणार होता. एक शीत टाकणार नव्हता. मास्तरीणबाईंची ती अर्धी वाटी त्यालाही ठाऊक होती. त्याच्या कपाळावर गंधाच्या कडेने घाम जमला.

"थांब," बाळकाका म्हणाले. मग काकूंना म्हणाले, "ताक आण."

"आधी ताक?"

"त्यांना तेच आवडायचं."

काकू आत गेल्या. ताकाचा पेला घेऊन आल्या, मीठ टाकून ढवळलेला. बाळकाकांनी तो दोन्ही हातांनी पानाशेजारी ठेवला. लंबूअण्णाने वर पाहिलं. बोलायची बंदी होती. त्याच्या डोळ्यांत आपण पकडले गेलो हे कळल्याचं दिसत होतं.

"घ्या," बाळकाका म्हणाले. अरेतुरे गेलं होतं, पाटावर वडील बसले होते. "तेवढंच घ्या. बाकीचं पान तुमचंच आहे. घाई नाही. आज ह्या घरात तुम्हाला कुणी आग्रह करणार नाही."

लंबूअण्णाने पेला उचलला. डोळे मिटले आणि हळूहळू, मध्ये थांबत, ताक प्यायला. आतल्या खोलीत म्हातारी उठून बसली होती आणि दाराच्या फटीतून बघत होती. पेला संपल्यावर त्याने रीत म्हणून भाताची दोन शितं तोंडात घातली. पुन्हा भाताकडे हात गेला, तेव्हा बाळकाकांनी त्याचं मनगट धरलं.

"पुरे," ते म्हणाले.

बेचाळीस वर्षांत त्यांना हा शब्द कुणी म्हटला नव्हता.

मग त्यांनी जानवं उजव्या खांद्यावरून सारखं केलं, हात जोडले आणि विचारलं.

"तृप्त झालात का?"

उत्तर ठरलेलं असतं. एका शब्दाचं, रोजचं. लंबूअण्णा भिंतीला टेकला. त्याने एक लांब श्वास घेतला, ह्या वेळी नाकाने.

"झालो रे बाळ," तो म्हणाला.

मग म्हातारीने आतून मोठ्याने विचारलं, "ताकात मीठ टाकलं होतं ना गं?"

"टाकलं होतं," काकू म्हणाल्या.

बाळकाकांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि लंबूअण्णाला अंगणापर्यंत पोचवायला गेले, तशी रीत आहे. पायरीवर दर्भाच्या काड्या भिजत पडल्या होत्या. पाऊस अजून पडतच होता. लंबूअण्णाने छत्री सरळ करून पाहिली, ती होईना.

"उद्या एकादशी," बाळकाका म्हणाले. "मास्तरीणबाईंकडे."

"हो."

"बांधापाशी थांब. बरोबर जाऊ."